माझ्याकडे तर बरोबर दिसतंय

मी चमचा स्टीलच्या ग्लासवर वाजवला आणि विचारलं, "आता?"

बायकोने डोळे मिटून घेतले. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. मी कागदावर वेळ टाकली, पुढे 'चमचा' लिहिलं आणि त्याच्यापुढे 'तक्रार' असं लिहिलं. मग तोच चमचा जरा हलक्या हाताने वाजवला.

"आता?"

"अहो, सांगतेय ना. हळू वाजवा नाहीतर जोरात वाजवा, डोक्यात घुसतं."

"ते शक्यच नाही," मी म्हणालो.

ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. समोर तीस वर्षं संसार केलेली बाई बसली आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि हा शहाणा तिला शक्य काय नि अशक्य काय ते शिकवतो आहे. पण तेव्हा मला माझं बोलणं अगदी रास्त वाटत होतं. तिच्या कानातलं यंत्र आमच्या कंपनीचं होतं आणि त्या यंत्रात आकडे भरणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता. त्या दिवशी सकाळीच मी तिची फाईल उघडून सगळे आकडे डोळ्यांखालून घातले होते. एकही इकडचा तिकडे नव्हता.

हिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला. उरला उजवा, तोही अर्धामुर्धा. त्या अर्ध्यामुर्ध्या कानावर आणि आमच्या यंत्रावर तिने अठरा वर्षं बाहेरच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवला. एक लांब टेबल, चार शिलाई मशिनं आणि एका वेळी आठ-नऊ बायका. मापं कशी घ्यायची, कापड कसं बेतायचं, बाही कुठे तोंड वाकडं करते, हे ती त्यांना शिकवायची. ऐकू कमी येतं म्हणून तिला फसवणं मात्र कोणाला जमलं नाही. कोणी कापड तिरकं धरून कापायला लागलं की नुसत्या कात्रीच्या आवाजावरून ती मागे वळायची. मी ऑफिसातून आलो की त्या बायकांचा कलकलाट जिन्यापर्यंत ऐकू यायचा आणि मी तोंड वाकडं करायचो.

गेल्या वर्षी तिचं जुनं यंत्र झिजलं. आमच्या केंद्रातून नवीन मिळालं. केंद्र म्हणजे कंपनीचंच दुकान म्हणा ना. तिथे कान तपासतात, यंत्र बसवतात, बॅटऱ्या देतात. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने हिची जुनी फाईल काढली, तेच आकडे नव्या यंत्रात भरले आणि यंत्र कानात बसवून दिलं. आम्ही घरी आलो. बायको स्वयंपाकघरात गेली, तिने भांड्यांच्या ढिगातून ताटली ओढली आणि कान धरून खाली बसली.

ही अशी यंत्रं दोन कामं करतात, हे सांगायला हवं. एक, आवाज वाढवणं. खालच्या जाड आवाजापासून वरच्या चिरक्या आवाजापर्यंत आठ पट्ट्या असतात, आणि कुठल्या पट्टीत किती वाढवायचं ते माणसागणिक ठरतं. दुसरं काम, कितीही झालं तरी एका मर्यादेच्या वर आवाज जाऊ न देणं. तिथेही आठ पट्ट्यांच्या आठ मर्यादा. या मर्यादा नसतील तर अशा यंत्रात आणि कानात खिळा ठोकण्यात फारसा फरक राहत नाही. केंद्रात पडद्याच्या पहिल्या पानावर वाढवायचे आकडे दिसतात. मर्यादा दुसऱ्या पानावर असतात, आणि ते पान कोणी उघडत नाही. कारण त्या आकड्यांना कधी हात लावायची वेळच आलेली नव्हती.

आम्ही केंद्रात दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्या मुलीने पहिलं पान बघून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तिचं तरी काय चुकलं? तिने मला विचारलं, "सर, तुम्ही एकदा बघता का?" मी ती फाईल ऑफिसात नेली आणि माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही पानं बघितली.

माझ्या कॉम्प्युटरबद्दलही सांगायला हवं. ऑफिसात मला सगळे काका म्हणतात आणि माझ्या टेबलावरच्या त्या जुन्या पेटीला म्हातारा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कंपनीने सगळीकडे नवे कॉम्प्युटर आणले, केंद्रांतही आणले. मी माझा बदलू दिला नाही. त्याने मला कधी दगा दिलेला नव्हता, त्याच्यावर मी माझा सगळा प्रोग्राम लिहिला होता, आणि खरं सांगायचं तर नवीन आलेली मंडळी त्याला हसायची त्यात मला मजा यायची. ती हसायची आणि अडलं की माझ्याकडेच यायची. नव्या कॉम्प्युटरांवर चालावा म्हणून माझा प्रोग्राम नव्याने बांधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तो बांधला. एकही चूक न दाखवता बांधून झाला. फॉर्मवर एक चौकोन होता, 'नव्या कॉम्प्युटरवर तपासले'. प्रोग्राम तोच, अक्षर न अक्षर तेच, त्यात तपासायचं काय? मी खूण केली आणि फॉर्म पुढे सरकवला.

तर त्या म्हाताऱ्यावर मी हिची फाईल बघितली आणि केंद्रातल्या मुलीला फोन करून सांगितलं, "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

आमच्या धंद्यात हे वाक्य सगळेच म्हणतात. समोरचा घसा फोडून सांगतो की बिघडलंय, आणि आपण आपल्या टेबलावर बसून म्हणतो, माझ्याकडे तर चालतंय. त्यावर आम्ही एकमेकांत विनोदही करतो. ते वाक्य मी बायकोला म्हणेन असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मी तिला वेळापत्रक करून दिलं. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास घालायचं, मग चार, मग दिवसभर. सवय होईल म्हणालो. ती घालायची. वर्गात तिला घालावंच लागायचं, नाहीतर बायकांचं बोलणं कसं कळणार? एकदा कोणाच्या तरी हातून कात्री फरशीवर पडली आणि ही इतक्या जोरात ओरडली की ती बिचारी बाई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोघी यायच्या बंद झाल्या. बाई हल्ली फार चिडतात, असं त्या खाली कोणाशी तरी बोलल्या, आणि ते फिरून माझ्यापर्यंत आलं.

त्या दिवशी जेवताना मी तिला सुनावलं. म्हणालो, आकडे बरोबर आहेत, यंत्र बरोबर आहे, केंद्रातली मुलगी सांगते, मी सांगतो, मग राहिलं कोण? तुला बरं वाटून घ्यायचंच नाहीये.

तिने ताटातून मान वर केली नाही. त्यानंतर तिने कानाची तक्रार कधीच केली नाही. मी माझ्या कागदावर तारीख टाकून 'तक्रार बंद' असं लिहिलं आणि तो कागद फाईलला लावला. सवय झाली म्हणून मी खूश होतो. त्या काळात ती भांडी दोन्ही हातांनी एकेक करून ठेवायची, दार लावताना हाताचा पंजा मध्ये धरून ठेवायची, ते सगळं मला दिसत होतं. मी त्याच्याकडे कानाडोळा केला. सात महिने.

मग म्हातारा गेला. एका सोमवारी सकाळी चालू केला तर आतून करकर आवाज आला, पडदा काळाच राहिला. आमच्या विभागाच्या धाकट्या साहेबांनी स्वतः येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अकराच्या सुमाराला माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. माझा प्रोग्राम त्याच्यावर होताच. चालतोय का बघायला कुठली तरी फाईल उघडायची होती. हाताला सवय असल्यामुळे मी बायकोचाच नंबर टाकला.

पहिलं पान बरोबर होतं. दुसरं उघडलं आणि मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाची फाईल उघडली. नंबर पुन्हा बघितला. तोच होता. आठ मर्यादांपैकी पहिल्या सहा ओळखीच्या होत्या, पण आपापल्या जागेवर नव्हत्या. तिसऱ्या पट्टीची मर्यादा पहिलीला लागलेली, चौथीची दुसरीला, सगळी रांग दोन घरं वर सरकलेली. आणि शेवटच्या दोन पट्ट्या, सगळ्यात चिरक्या आवाजांच्या, तिथे एकशे दहाच्या आसपासचे आकडे हवे होते. तिथे दोन हजार चारशे आणि सात हजार बावीस असे आकडे होते. म्हणजे मर्यादा नाहीच. चमचा, कात्री, ताटली, जे काही कानावर येईल ते यंत्राच्या सगळ्या ताकदीनिशी आत जाणार.

कारण कळायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेच तर वाईट आहे. फायलीतली प्रत्येक नोंद म्हणजे सी या कॉम्प्युटरच्या भाषेतलं एक स्ट्रक्चर, एकापाठोपाठ ठरलेल्या जागांची रांग: पेशंटचा नंबर, कान कुठला, वाढवायचे आठ आकडे, तपासणीची तारीख, मग आठ मर्यादा, मग मॉडेल नंबर आणि बॅच नंबर. तारखेसाठी मी 'लाँग' हा मोठ्या आकड्यांचा प्रकार वापरला होता. जुन्या कॉम्प्युटरांवर लाँगला चार बाइट जागा लागायची, या नव्यांवर आठ लागते. जुन्याने लिहिलेली फाईल नवा वाचायचा तेव्हा तो तारखेसाठी आठ बाइट उचलायचा, म्हणजे तारीख आणि तिच्याबरोबर पुढच्या दोन मर्यादा. मग उरलेलं सगळं तेवढंच वर सरकणार, आणि शेवटी कमी पडलेल्या दोन जागांत मॉडेल नंबर आणि बॅच नंबर येऊन बसणार. तारीख छापताना मी तिचा अर्धाच भाग वापरत होतो, म्हणून पहिल्या पानावरची तारीखसुद्धा अगदी चोख दिसत होती.

एकेक आकडा किती जागेचा ते स्वतः ठरवून, वेगवेगळा लिहिला असता तर हे झालं नसतं. त्याला बारा ओळी लागल्या असत्या. सव्वीस वर्षांपूर्वी मी ते एका ओळीत केलं होतं. सगळं स्ट्रक्चर मेमरीत जसं आहे तसं उचलायचं आणि फायलीत टाकायचं. तेव्हाच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती आणि मी ती ओळ नंतर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत आलो होतो, बघा, काम कसं करावं.

नवीन पेशंटांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांची फाईल नवाच कॉम्प्युटर लिहायचा आणि नवाच वाचायचा. बिघडलं ते जुन्यांचं, जे वर्षानुवर्षं आमच्याकडेच यायचे. मी मोजले. नवे कॉम्प्युटर आल्यानंतर ज्यांच्या यंत्रात जुन्या फायलीतून आकडे भरले गेले, असे दोनशे बारा लोक होते. त्यांतल्या एकोणीस जणांनी लेखी तक्रार केली होती. त्या सगळ्यांना एकच उत्तर गेलं होतं, की नव्या यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो, धीर धरावा. त्या उत्तराचा मजकूर मी लिहून दिला होता.

दुपारी धाकट्या साहेबांच्या खोलीत गेलो. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने गोड. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि दुरुस्तीला किती वेळ लागेल ते विचारलं. अर्धा दिवस, मी म्हणालो. पण दुरुस्ती केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होणार होती. लोकांच्या कानात जे यंत्र बसलं होतं त्यात चुकीचेच आकडे होते, आणि यंत्र केंद्रात आणून पुन्हा भरल्याशिवाय ते आकडे बदलणार नव्हते. म्हणजे दोनशे बारा जणांना बोलवावं लागणार होतं.

"बोलवायचं म्हणजे कारण सांगावं लागेल, काका."

"हो."

"वर्षाच्या तपासणीला येतातच की सगळे. तेव्हा आपोआप होऊन जाईल."

"काहींची तपासणी दहा महिन्यांनी आहे. तोवर ते रोज घालणार. साहेब, कान आहेत ते, आणि तेही आधीच गेलेले."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग ते म्हणाले, "आपण याला सुधारणा म्हणू या. प्रोग्रामची सुधारित आवृत्ती. तुम्ही नोट तयार करा, सही करा, मी वर पाठवतो." आणि मी उठताना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची रिटायरमेंट कधी? पुढच्या वर्षी ना?"

मी नोट तयार केली. 'सुधारणा' हा शब्द त्यात चार वेळा आला. सही केली. घरी गेलो तेव्हा बायको टेबलावर कापड पसरून बसली होती आणि खोलीत तीनच बायका होत्या.

दोन दिवसांनी मी तिला केंद्रात नेलं. सुधारणा आली आहे म्हणालो. यंत्रात आकडे नीट भरले गेले. मग त्या मुलीने कान पुन्हा तपासला, आलेख काढला आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवला. वरच्या पट्ट्यांची रेष पूर्वी उतरणीला लागलेली होती. आता ती सरळ खाली पडली होती. बायकांचा आवाज, शब्दांतले बारीक उच्चार, हे सगळं तिथे असतं. यंत्र आता दुखणार नव्हतं. पण दुखायला आत फारसं काही उरलंही नव्हतं.

"परत येईल का?" मी विचारलं.

"नाही, सर." ती आलेखाकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "वयानेसुद्धा होतं असं."

ते वाक्य मला इतकं गोड लागलं की काय सांगू. वयाने. साठीला आलेल्या बाईचा कान वयाने गेला, त्यात कोणाचा काय दोष? बसमध्ये मी ते मनातल्या मनात पाठ केलं. घरी आल्यावर बायकोने चप्पल काढली आणि विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं तर तिला कळेना. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तिने मापांची वही आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी वहीत 'वयामुळे' असं लिहिलं. ती वाचायला वाकली. कानाच्या पाळीमागे यंत्राने पडलेला लाल वळ मला दिसला. मी ते लिहिलेलं खोडलं.

मग सगळं लिहिलं. दोन पानं भरली. लाँग आणि बाइट कसे समजावणार म्हणून तिच्याच वहीतला एक रकाना दाखवला. वर तारीख आणि तिच्याखाली खांदा, छाती, कंबर, नितंब, बाही, दंड अशी मापं एकाखाली एक होती. मी बाण काढून दाखवलं की वरच्या तारखेने दोन जागा जास्त खाल्ल्या आणि खालची सगळी मापं वर सरकली.

तिने बाणावरून बोट फिरवलं. "म्हणजे कमरेचं माप खांद्याला लागलं."

मी मान हलवली.

"आणि शेवटच्या दोन ओळींत काय आलं? तिथे तर मापंच उरली नाहीत."

मी 'यंत्राचा नंबर' असं लिहिलं.

"बाहीच्या मापाच्या जागी घराचा नंबर," ती म्हणाली. तिला हसू आल्यासारखं वाटलं, पण ते हसू नव्हतं. "माझ्याकडे शिकायला येणारी पहिल्या आठवड्यातली पोरगीसुद्धा अंगाला लावून बघते हो. मी सांगत होते तेव्हा तुम्ही काय बघत होतात?"

मी 'माझा कॉम्प्युटर' असं लिहिलं.

"असे अजून किती जण आहेत?"

मी आकडा लिहिला.

"त्यांना सांगितलंत?"

'दुरुस्ती केली आहे. ते येतील तेव्हा'

ती मला पुढे लिहू देईना. तिने वहीवर हात ठेवला. "मी ते नाही विचारलं."

मी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या वर्षी रिटायर होतोय, हे मी लिहू शकलो असतो. साहेबांचं नाव लिहू शकलो असतो. तिने वही उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या तिघींना बसवून सांगितलं की वर्ग बंद. त्यांनी काहीबाही विचारलं असणार. मशिनांवर तिने जुन्या चादरी टाकल्या आणि चारही टोकं नीट खाली खोचली.

शुक्रवारी सकाळी मला केंद्रातून फोन आला. "सर, जरा येता का? काकू इथे आल्यात. साडेनऊपासून बसल्यात." मुलगी घाबरलेली वाटली. "काही त्रास नाही देत. पण साहेबांचा फोन आला होता आत्ता. तुम्ही घेऊन गेलात तर बरं."

मी गेलो. जिन्यातच मला बायकोचा आवाज ऐकू आला. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ती आता सगळंच मोठ्याने बोलते.

"तुमचं यंत्र कधी भरलं? दोन वर्षांच्या आत का? भांडी वाजली की दुखतं? मग नुसती बॅटरी घेऊन जाऊ नका. आत जा आणि आकडे परत भरून मागा. सवय होत नाही त्याची. कान जातो. माझा गेला."

मी दारात थांबलो. बाकांवर सात-आठ माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ, हातात बॅटरीचं पाकीट घेतलेली एक बाई, एक नवराबायको. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. ती मधल्या बाकावर, चांगली साडी नेसून, मांडीवर मापांची वही घेऊन बसली होती. वहीत नावं लिहिलेली दिसत होती. काचेपलीकडे ती मुलगी फोन कानाला लावून उभी होती आणि माझ्याकडे बघून हाताने चला, चला करत होती.

बायकोने मला बघितलं. ती दचकली नाही की उठलीही नाही.

"हे आले बघा," तिने सगळ्यांना सांगितलं. "प्रोग्राम यांचा आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर यांना विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तिचा दंड धरून, लोकांकडे बघून जरा हसून, तिला बाहेर नेणं अवघड नव्हतं. तिची तब्येत बरी नाही म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी तिला ओळखतो. ती हात सोडवूनही घेणार नव्हती. मी दोन पावलं पुढे गेलो.

"ती बरोबर सांगतेय," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

काहीच झालं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी कानामागे हात धरला. बॅटरीवाल्या बाईने शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने मान हलवली, कळलं नाही म्हणून. असलं काही माणूस जसं हळू, खाली बघून बोलतो, तसं मी बोललो होतो, आणि त्या खोलीत हळू बोललेलं ऐकू येणारं कोणीच नव्हतं. बायकोही माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलेलं नव्हतं.

"मोठ्याने बोला," ते गृहस्थ म्हणाले. "आणि तोंड इकडे करून बोला."

मी मान वर केली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगितलं. यंत्रात काय भरलं गेलं, कधी भरलं गेलं, कोणामुळे, आणि तक्रार आली तेव्हा आम्ही काय उत्तर दिलं. घसा ताणून सांगितलं, शब्द सुटे सुटे करून. बाहेर जिन्यात कोणी तरी थांबून ऐकत होतं. बायकोची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. तिला त्यातलं किती कळलं, मला माहीत नाही.

माझं बोलून होतंय तोवर दार उघडलं आणि एक वयस्क बाई आत आल्या. काचेच्या खिडकीशी जाऊन त्यांनी बॅटऱ्या मागितल्या. त्यांच्या कानामागे आमचं यंत्र होतं.

बायकोने वहीचं नवं पान काढलं, त्यांना हात करून आपल्या शेजारी बसवून घेतलं, आणि माझ्याकडे बघितलं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.